इतक्या लांबून काय बघायचं?

गेल्या वर्षी जुलैत आमचं घर अगदी भरलेलं होतं. आई-बाबा नाशिकहून तीन महिन्यांसाठी आले होते (व्हिसावर नव्वद दिवस मिळतात, त्यातला एकही वाया घालवायचा नाही हा बाबांचा निर्धार!) आणि त्यात ताई, भाऊजी आणि भाचा दोन आठवड्यांसाठी येऊन थडकले. डेल्फ्टमधलं आमचं घर म्हणजे दोन झोपायच्या खोल्या आणि एक अरुंद जिना. एकूण माणसं आठ. रोज रात्री गाद्या घालायच्या, रोज सकाळी उचलायच्या, आणि बाथरूमसाठी नंबर लावायचे. मला तर मे महिन्यातल्या आजोळची आठवण झाली. इतकी वर्षं इथे काढली, पण घरात एवढा आवाज पहिल्यांदाच झाला असेल. शेजारच्या डच आजींनी एकदा काळजीने विचारलंसुद्धा, "सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, ठीक म्हणजे काय, दिवाळी आहे!

तर अशी ही वरात घेऊन कुठेतरी जायचं ठरलं. ट्युलिपचा हंगाम कधीच संपला होता. अॅम्स्टरडॅम झालं, पवनचक्क्या झाल्या. भाऊजी दापोली तालुक्यातले, समुद्राकाठी वाढलेले. ते म्हणाले, "तुमचा समुद्र दाखवा की एकदा." म्हणून नऊ जणांची व्हॅन भाड्याने घेतली आणि आम्ही टेक्सेल बेटावर गेलो. स्पेलिंगमध्ये एक्स आहे, पण इथले लोक म्हणतात 'टेसल'. देशाच्या वायव्य टोकाला डेन हेल्डर नावाचं बंदर आहे, तिथून फेरीबोटीने वीस मिनिटं. गाडी बोटीच्या पोटात आणि आपण वरच्या डेकवर सीगल बघत उभे.

ही फेरीबोट चालवणाऱ्या कंपनीची गोष्ट मला फार आवडते. कंपनीचं नाव तेसो. पूर्वी बेटावर बोट चालवणारे दुसरेच कोणी होते आणि बेटावरचे लोक त्या सेवेला वैतागलेले होते. शेवटी 1907 साली वागेमाकर नावाच्या एका डॉक्टरांच्या पुढाकाराने बेटवाल्यांनी आपापसात शेअर विकून स्वतःचीच कंपनी काढली. आजही बोट बेटाच्याच मालकीची आहे, आणि एका बोटीला त्या डॉक्टरांचं नाव आहे. बाबा आयुष्यभर सहकारी बँकेत नोकरी केलेले. हे ऐकून ते इतके खूश झाले की समुद्राकडे बघायचं सोडून मला शेअरची किंमत विचारू लागले.

पहिला दिवस खाण्यात आणि भटकण्यात गेला. भाऊजींनी हेरिंग खाल्ला. म्हणजे काय, तर खारवलेला, न शिजवलेला मासा बारीक चिरलेल्या कांद्यात घोळवायचा, शेपटीला धरायचा, मान वर करायची आणि सोडायचा तोंडात! ताईने तोंड फिरवलं. भाऊजी दोन मिनिटं गंभीर होते, मग म्हणाले, "मासा ताजा आहे. पण ह्यांना कोणी तिरफळ दाखवलं नाही का?" (कच्चा म्हणून घाबरू नका. माशातल्या जंतांमुळे लोक आजारी पडायला लागले तेव्हा 1968 पासून इथे हेरिंग आधी गोठवणं सक्तीचं झालं.) शाकाहारी मंडळींसाठी पोफर्चेस होते. बीडाच्या खळगेदार तव्यात केलेले छोटे छोटे फुगीर गोळे, वर लोणी आणि पिठीसाखर. आईने तवा बघितला आणि निकाल दिला, "हे तर आपले आप्पे!" त्यानंतर तीन दिवस आमच्याकडे त्याला गोड आप्पेच म्हणत होते.

दुपारी आम्ही स्लुफ्टर बघायला गेलो. इथे वाळूच्या टेकड्यांची रांग मध्येच तुटलेली आहे. मोठी भरती आली की समुद्र सरळ आत शिरतो. डच लोक समुद्राला असा आत येऊ देतात हेच नवल! आतल्या खाजणात पक्षीच पक्षी. बाबांनी दुर्बीण लावली आणि एकदम ओरडले, "अरे, हा तर आपल्या नांदूर मध्यमेश्वरचा चमच्या!" खरंच, चमच्यासारख्या चोचीचा तोच पांढरा पक्षी. बाबांना जवळ जाऊन नीट बघायचं होतं. पण विणीच्या हंगामात स्लुफ्टरचा उत्तरेकडचा भाग माणसांना बंद असतो. ना भिंत, ना रखवालदार. नुसती पाटी आणि दोरी. बाबा दोरीपाशी दहा मिनिटं उभे राहिले आणि परत आले. चेहरा जरा उतरलेला.

दुसऱ्या दिवशी सील बघायचे होते. आउडेस्खिल्ड बंदरातून कोळंबीच्या बोटी प्रवाशांना घेऊन जातात. आधी थोडा वेळ जाळं टाकून ओढतात, काय काय आलं ते दाखवतात, कोळंबी तिथेच समुद्राच्या पाण्यात उकडून हातावर ठेवतात. भाऊजी अगदी रंगात आले होते. बोटवाल्याची भाषा कळत नव्हती, पण दोघं जाळ्याच्या गाठींवर हातवारे करून पाच मिनिटं बोलले! (गंमत म्हणजे इथली बरीचशी कोळंबी सोलायला ट्रकने मोरोक्कोला जाते आणि सोलून परत येते. 'स्थानिक पदार्थ' म्हणून आपण जे खातो त्याने आपल्यापेक्षा जास्त प्रवास केलेला असतो.)

मग बोट वाळूच्या एका दांड्यासमोर थांबली. पण बरीच लांब. दांड्यावर तपकिरी ओंडके पडल्यासारखे सील. दुर्बिणीतून डोळे-मिशा दिसत होत्या, नुसत्या डोळ्यांनी फक्त ओंडके. भाचा हिरमुसला. भाऊजी मला हळूच म्हणाले, "एवढे पैसे घेतलेत, जरा पुढे न्यायला सांगा की. इतक्या लांबून काय बघायचं?"

मी काही सांगितलं नाही. खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

आता मुख्य गोष्ट. त्याच संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर चालत होतो. पुढे पाच-सात माणसं वाळूत थांबलेली दिसली. त्यांच्यापलीकडे, पाण्याच्या रेषेजवळ, सीलचं एक पिल्लू एकटंच पडलं होतं आणि रडत होतं. हो, रडत होतं! तो आवाज ऐकला नसेल तर सांगून पटणार नाही, तान्हं मूल रडावं तसाच अगदी. माझी मुलगी लगेच रडवेली झाली. भाचा वाळूचा किल्ला करायला आणलेल्या बादलीत पाणी भरून निघाला, पिल्लाच्या अंगावर घालायला. भाऊजी मोबाईल काढून त्याच्या मागे.

एक मध्यमवयीन बाई आडव्या आल्या. सीलवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "तीस मीटर." आणि वाळूत काठीने ओढलेली रेघ दाखवली. मी ओशाळून पुढे झालो. ताई मात्र भडकली. मला म्हणाली, "अरे, ते बाळ रडतंय आणि ही लोकं नुसती उभी राहून बघतायत? किती कोरडी माणसं!" त्या बाईंना मी हे (जरा सौम्य करून) विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याची आई कदाचित इथेच पाण्यात असेल. मासे खाऊन येते. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती बाहेर येणार नाही. आम्ही एक दिवस वाट बघणार. नाही आली, तर मग डॉक्टर बघतील."

मी भाषांतर केलं. सगळे गप्प. आणि मग आई बोलली. "बरोबर आहे तिचं. बाळंतिणीच्या खोलीत आपण तरी असे घोळक्याने शिरतो का? दारातून विचारायचं, डिंकाचे लाडू ठेवायचे आणि निघायचं."

मी पीएच.डी. केली, पण मला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नसतं.

नंतर मी थोडं वाचलं, तेव्हा कळलं की हे शहाणपण इथेही फार जुनं नाही. डच लोक जन्मतःच निसर्गप्रेमी असतात वगैरे समज असेल तर सोडून द्या. सील मासे खातो म्हणून इथे त्याला शत्रू मानत, मारणाऱ्याला बक्षीस देत. वाडन समुद्रात, म्हणजे ही बेटं आणि मुख्य भूमीच्या मधल्या उथळ समुद्रात, सीलची शिकार 1962 साली बंद झाली. तरीही संख्या घटतच गेली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाच्या या भागात पाचशेच्या आसपास सील उरले होते. कारण ऱ्हाइन नदीतून येणारी कारखान्यांची रसायनं. पीटर राइंडर्स या शास्त्रज्ञाने काही सीलना वाडन समुद्रातले मासे खाऊ घातले आणि काहींना अटलांटिकमधले. वाडनचे मासे खाणाऱ्या माद्यांना पिल्लं खूपच कमी झाली. हे संशोधन 1986 साली प्रसिद्ध झालं. पाठोपाठ 1988 आणि 2002 साली विषाणूच्या साथी आल्या आणि हजारो सील गेले. आज इथे पुन्हा हजारोंनी सील आहेत ते शिकार थांबली, नदी पुष्कळ स्वच्छ झाली आणि पिल्लांच्या दिवसांत वाळूचे दांडे त्यांना मोकळे सोडले म्हणून. वाडन समुद्राला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो 2009 साली.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. लेनी त हार्ट नावाच्या बाईंनी 1971 साली पीटरबुरेन गावात अनाथ पिल्लं सांभाळायला सुरुवात केली. त्या देशभर प्रसिद्ध झाल्या. त्यांच्यामुळे एका अख्ख्या पिढीला सीलविषयी माया वाटू लागली, हे त्यांचं मोठंच काम. पण पुढे सील वाढले, आणि रडणारं पिल्लू दिसलं की उचलायचं ही सवय मात्र कायम राहिली. शास्त्रज्ञ म्हणू लागले की यातल्या कित्येक पिल्लांना आई असते, आपणच त्यांची ताटातूट करतो. बरेच वाद झाले. शेवटी 2020 साली सरकार, सीलची आश्रयकेंद्रं वगैरे सगळ्यांनी मिळून करार केला. आधी लांबून लक्ष ठेवायचं, एक दिवसापर्यंत वाट बघायची आणि मगच उचलायचं. म्हणजे ताईला जे वाटलं तेच या देशाला कित्येक वर्षं वाटत होतं. बाळ रडतंय, उचला! लांब राहायला त्यांनाही शिकावंच लागलं.

माझ्यातल्या इंजिनिअरला यात साधा हिशोब दिसतो. या सीलचं पिल्लू जेमतेम तीन-चार आठवडे आईच्या दुधावर असतं. त्या दुधात चाळीस टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो (म्हशीच्या दुधात सहा-सात). एवढ्या दिवसांत त्याला वजन दुपटीहून जास्त करायचं असतं, कारण पुढे आई सोडून जाते आणि त्या चरबीवरच दिवस काढायचे असतात. आपण 'जरा' जवळ गेलो की आई पाण्यात उडी मारते आणि पिल्लाचं एक जेवण चुकतं. दिवसात दहा टोळकी आली तर? प्रत्येक टोळक्याला वाटतं, आम्ही तर काहीच केलं नाही.

त्या रात्री जेवताना (बेटावरच्या भाड्याच्या घरात, भाजणीची थालीपीठं आणि लोणी) भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लहानपणी आम्ही कासवाची अंडी खाल्लीत. पुळणीवर माग दिसला की उकरायचं. कोणाला त्यात काही वाटत नसे." भाचा घास हातात धरून बापाकडे बघत राहिला. मी विषय बदलायला गेलो, पण भाऊजींनीच पुढे सांगितलं, वेळासचं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वेळास माहीत असेल. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही अंडी राखायला सुरुवात केली. तोवर घरट्यांतली अंडी माणसं, कुत्री आणि कोल्हे नेत. अंडी कुंपणाच्या आत हलवायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. आणि माझ्या मते खरी युक्ती पुढेच आहे. पाहुणे हॉटेलात नाही, गावातल्या घरांत उतरतात. घरचंच जेवतात. पैसे घरातल्या माणसांच्या हातात पडतात. म्हणजे जो माणूस अंडी उकरू शकला असता, त्यालाच कासव जगण्यात फायदा! टेक्सेलची बोट टेक्सेलवाल्यांची आहे, तसं वेळासचं कासव वेळासवाल्यांचं झालं. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

तर सांगायचा मुद्दा असा. परदेशात राहणारा माणूस लिहायला बसला की 'तिकडे किती शिस्त आणि आपल्याकडे...' हे रडगाणं ठरलेलं असतं. मीही पूर्वी गायलोय. पण आता मला ते खोटं वाटतं. लांब थांबण्याची रीत आपल्याला परदेशातून आणायला नको. बाळंतिणीची खोली आपल्या घरात आहे. देवराई आपल्या गावात आहे, तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही हे आपल्या आजीला माहीत होतं. आपलं चुकतं ते एवढंच, की सहलीला निघताना ही रीत आपण घरी ठेवून जातो. किनारा दिसला की गाडी थेट पुळणीवर घालायची, पिल्लं दिसली की फ्लॅश मारायचा. कासवाची पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात हो! समुद्रावरचा उजेड समजून ती आपल्या टॉर्चकडे येतात.

कोणी म्हणेल, तिकडे लोक कमी म्हणून जमतं. साफ चूक. नेदरलंड्समध्ये जमिनीच्या एका चौरस किलोमीटरवर पाचशेहून जास्त माणसं राहतात. महाराष्ट्रात, 2011 च्या जनगणनेनुसार, 365. गर्दी त्यांचीच जास्त आहे. कोणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा आहे. हे मात्र खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. नदी स्वच्छ करायला पैसा लागतो. पण तीस मीटरवर थांबायला काय लागतं? आणि ज्या गावाने आपलं पोट त्या किनाऱ्यावर सोपवलंय, त्याच्या घरात उतरून चार पैसे द्यायला काय लागतं?

मला विचाराल तर, कोकणात जाल तेव्हा दोनच गोष्टी करा. गावातल्या माणसाच्या घरी उतरा आणि दोरी असेल तिथे थांबा. दोरी नसेल तर मनाने बांधा.

आणखी एक. त्या संध्याकाळी परतताना मी आईला म्हटलं, "तुला बरं पटकन समजलं." ती म्हणाली, "बारा वर्षं झाली, तुला मी लांबूनच बघतेय. पडद्यावर. आजारी पडलास, पोरगी झाली, सगळं लांबूनच. म्हणून काय माया कमी झाली?" मी काही बोललो नाही. पुढे भाचा आणि मुलगी पळत होते, त्यांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम त्या जागी गेलो. पिल्लू नव्हतं, बाई नव्हत्या, वाळूतली रेघ भरतीने पुसली होती. भाच्याने विचारलं, "मामा, आई आली असेल का?" खोटं बोलावंसं वाटलं. पण म्हटलं, "माहीत नाही रे." परतीच्या बोटीवर त्याने आणखी दोनदा विचारलं.

परवा भाऊजींचा मेसेज आला. मार्चमध्ये तिघं वेळासला जाऊन आले, घरापासून दोन तासांवर असून आयुष्यात पहिल्यांदाच! सोबत एक फोटो आहे. पुढे दोरी, मग भरपूर वाळू, आणि अगदी टोकाला पाण्याजवळ चार-पाच काळे ठिपके. झूम करूनही कासव आहे की खडा ते कळत नाही. खाली भाऊजींनी लिहिलंय, "इतक्या लांबून बघितली. पोरगं म्हणतंय, मामाला पाठव."